‘हवाली’ला दहापैकी एक

४ मार्च

टाचणी,

वर काय लिहावं यात दोन कागद फुकट गेले. ‘सूनबाई’ लिहायचा हक्क आता उरला नाही, आणि नुसतं नाव लिहिलं तर आपली कधी ओळखच नव्हती असं वाटतं. म्हणून खेळातलं तुझं नाव लिहिलं. खाली माझंही खेळातलंच आहे. तुझा नवा फोन नंबर माझ्याकडे नाही. तुझ्या कचेरीचा, बसच्या वेळापत्रकांच्या विभागाचा, एवढाच पत्ता ठाऊक आहे, तिथेच हे टाकतोय. अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे.

काम असं की खेळाच्या नव्या संचातली पानं परवापासून दाखवायला लागलेत. त्यात मंत्राचं एक पान आहे, त्यावर तुझं मत हवं होतं. तू घालून दिलेला नियम पाळून सांगतो: ज्याने हा खेळ जन्मात पाहिला नाही त्यालाही कळेल असं, पूर्ण वाक्यांत, कंटाळा न करता.

तर आपला पत्त्यांचा खेळ टॅबवर चालतो. दोन खेळाडू, प्रत्येकाला तीस प्राण. ज्याचे आधी संपले तो हरला. पानं दोन जातींची. सैनिकाचं पान मैदानात उतरतं आणि मरेपर्यंत तिथे लढतं. मंत्राचं पान एकदाच चालतं आणि संपतं. प्रत्येकाच्या बाजूला सैनिकांसाठी सहा जागा असतात. सहा भरल्या की सातवा उतरू शकत नाही. पान टाकायला ऊर्जा लागते, ती दर फेरीला एकाने वाढते, दहापर्यंत. झालं. बघ, एका दमात सांगितलं.

नव्या पानाचं नाव ‘हवाली’. ऊर्जा दोन. वर लिहिलंय, ‘मैदानातला तुमचा एक सैनिक समोरच्या खेळाडूला द्या. यापुढे तो त्याचा.’ चित्रात एक माणूस फाटकापाशी उभा राहून आपल्या घोड्याचा लगाम दुसऱ्याच्या हातात देतोय, आणि घोडा मागे वळून बघतोय.

आपला सैनिक शत्रूला द्यायचा, आणि वर त्यासाठी ऊर्जाही आपणच मोजायची. चौतीस वर्षं वजनमाप खात्यात तपासनीस होतो मी. दुकानातलं खोटं वजन नुसतं तळहातावर घेतलं तरी कळायचं. हे पानही तसंच कळलं. वहीत दहापैकी एक लिहून मोकळा झालो, आणि तो एकही घोड्यासाठी. पानं पारखणारी जी मंडळी आपण वाचायचो, त्यांचंही हेच मत आहे. एकाने लिहिलंय की हे पान छापणाऱ्याला त्या दिवशी घरी जायची घाई असावी.

तब्येत ठीक. चिरंजीव कामावर जातात, येतात. त्या दिवशी घटस्फोटाच्या बैठकीत माझ्याकडून काही बोलणं झालं नाही, ते तुला माहीतच आहे. चार माणसं जमली की माझी जीभ अजून अडते. असो.

तुझा आकडा कळव.

तोळामासा


११ मार्च

टाचणी,

उत्तर आलं नाही. यायला हवं असंही नाही.

आज दुपारी तीन वाजता सवयीने टॅब घेऊन खिडकीपाशी बसलो. समोरची खुर्ची आता चिरंजीवांनी आत नेली आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. बसल्या बसल्या मला सगळं पहिल्यापासून आठवलं, आणि लिहून ठेवावंसं वाटलं. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. पण माझ्यासाठी लिहिलेलं टाकायचं कुठे, म्हणून तुला.

झटका आला त्यानंतर दीड महिना माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा: बादली. पाणी हवं तरी बादली, चष्मा हवा तरी बादली. डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हाही मी अदबीने बादली असंच सांगितलं. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, फक्त दाराला बाहेरून कडी लागली होती. वाचेचे उपचार करणाऱ्या बाई यायच्या. त्या गाय, घर, चेंडू अशी चित्रं दाखवायच्या आणि मी तोंड फिरवून घ्यायचो. सदुसष्टाव्या वर्षी चेंडू म्हणायचा?

तेव्हा तू तुझा टॅब आणलास. सकाळच्या पाळीवरून यायचीस, हातपाय धुवायचीस आणि थेट माझ्यासमोर बसायचीस. कुठलंसं एक पान दाखवून विचारलंस, हे चांगलं की वाईट? मी मान हलवली. तू म्हणालीस, “मान नको, बाबा. का ते सांगा.”

आणि वाट बघत बसलीस. शब्द सुचवला नाहीस, ओठ हलवून दाखवले नाहीस, घड्याळाकडे बघितलं नाहीस. घड्याळाकडे मी बघत होतो. बावीस मिनिटं. मग माझ्या तोंडून निघालं, “महाग.”

त्या पानाला ऊर्जा सात लागत होती आणि ते खरंच महाग होतं. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. म्हणालीस, मलाही तसंच वाटतं, पण किती असती तर परवडलं असतं? म्हणजे लगेच पुढचा प्रश्न. मला अजूनही कळत नाही की एवढा धीर एका माणसात कुठून येतो. पक्कं पितळी प्रमाणवजन काचेच्या पेटीत ठेवतात, चिमट्याने उचलतात, फुंकरही लागू देत नाहीत. मी आयुष्यभर त्याच्यापुढे मान झुकवत आलो. त्या दुपारी तुझ्यापुढे तसंच वाटलं होतं, पण सांगायला शब्द नव्हते. आता आहेत म्हणून सांगतो.

मग दोन वर्षं, रोज एक तास. पान बघायचं, कारणासकट बोलायचं, वहीत आकडा लिहायचा, मग दोघांचे आकडे ताडून बघायचे. चुकला तर खोडायचा नाही, नुसती रेघ मारायची.

बैठकीच्या दिवशी गोळ्या बदलल्या होत्या, त्यानेही फरक पडला असेल.

‘हवाली’ परवा सगळ्यांना खेळायला मिळेल. माझा एक कायम.

तोळामासा


१७ मार्च

टाचणी,

आजचं पत्र लांब होणार.

आज तीन वाजून पाच मिनिटांनी टॅबवर चौकट आली: ‘टाचणी तुमच्याशी खेळू इच्छिते.’ नऊ महिन्यांनी. मी चष्मा पुसला, परत वाचलं, परत पुसला. मग बोट टेकवलं.

तू सगळं जाणतेस, कारण तूच केलंस. तरी मी सांगणार. नियम तो नियम.

शेवटाकडची गोष्ट. माझे बारा प्राण उरले होते, तुझे नऊ. माझ्या बाजूला पाच बारके सैनिक होते. सगळ्यांनी मिळून मारलं तर आठ प्राण जातील एवढीच त्यांची ताकद. तुझ्या बाजूला एकच, ‘दगडी पहारेकरी’. तो हल्ला करत नाही, नुसता उभा राहतो आणि मागे कोणाला जाऊ देत नाही. म्हणजे माझे पाचही जण त्याच्यापुढे थांबलेले. पण मला काळजी नव्हती, कारण माझ्या हातात ‘कालपुरुष’ होता. तो उतरला की पहारेकरी असो नसो, समोरच्याचे दहा प्राण जातात. त्याला दहा ऊर्जा लागते आणि पुढच्या फेरीला माझ्याकडे दहा होणार होती. सहावी जागा मी दोन फेऱ्या त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती. मनातल्या मनात मी जिंकून बसलो होतो, आणि तुला वाईट तर वाटणार नाही ना, असा विचारही करून झाला होता.

तेव्हा तू ‘हवाली’ टाकलंस. तुझा एकुलता एक पहारेकरी उठला आणि माझ्या सहाव्या जागेवर येऊन उभा राहिला.

मी हसलो, टाचणी. मोठ्याने. मला वाटलं, बोट चुकलं पोरीचं.

मग माझी पाळी आली. ‘कालपुरुष’ उचलला, तर जागाच नाही. बरं, एखादा बारका सैनिक लढवून मारून टाकावा म्हणजे जागा होईल, तर तुझं मैदान रिकामं. लढायलाच कोणी नाही, तर मरायचं कोणाच्या हातून? पहारेकरी तर हल्ला करतच नाही, तो बसला ठाण मांडून. हातात दुसरं काही नव्हतं. पाचही जणांनी मिळून तुला मारलं. नवातले आठ गेले. एक उरला.

एक. तू तो मोजून ठेवला होतास.

आणि मग तू ‘चेंगराचेंगरी’ टाकलंस. समोरच्याच्या मैदानात जितके सैनिक, त्याच्या दुप्पट त्याचे प्राण जातात. पाच असते तर दहा गेले असते आणि मी दोनावर तगलो असतो. पण सहा होते. सहावा तू दिलेला. बारा गेले. माझ्याकडे बाराच होते.

चहा गार झाला. हरलो याचं काही नाही, तुझ्यापुढे मी नेहमीच हरतो. पण कालपुरुष माझ्या हातात आहे हे तुला कसं कळलं? मग लक्षात आलं की त्या रिकाम्या जागेवरून. मी जे टाकलं नाही ते तू वाचलंस. हजार लोकांनी त्या पानावर लिहिलेलं ‘द्या’ वाचलं आणि नाक मुरडलं. कुठे द्यायचं आणि तिथे आधी काय होतं, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. मी पान तळहातावर घेऊन तोलत बसलो होतो.

खेळ संपल्यावर तिथे ठरावीक सहा वाक्यंच पाठवता येतात. तू त्यातलं ‘छान खेळलात’ पाठवलंस. ते सगळ्यांना सारखंच जातं हे मला माहीत आहे. तरी मी ते पुष्कळ वेळ बघत होतो.

वहीतल्या एकावर रेघ मारली आहे. नवा आकडा लिहायचा अजून धीर होत नाही.

तोळामासा


१८ मार्च

टाचणी,

कालच्या पत्रामागून लगेच हे. कारण काल मी त्यात एक गोष्ट लिहिणार होतो आणि खेळाच्या वर्णनात ती झाकून टाकली. पहिल्या दोन पत्रांतही झाकलीच.

बैठकीच्या दिवशी मला बोलता येत होतं. गोळ्या बदलल्या नव्हत्या. त्याच सकाळी नळ दुरुस्त करणाऱ्याला वायसर कुठल्या बाजूने बसवायचा हे मी दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं, आणि तो वैतागून म्हणाला होता, काका, मला येतं.

मध्यस्थ वकीलबाईंनी विचारलं, सूनबाई दिवसातून किती वेळ मोबाइल-टॅबवर खेळतात? चिरंजीव म्हणाले, रोज, तास तास, घरात कोणाकडे लक्ष नसतं. मग त्यांनी मला विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस. विनवणी नव्हती तुझ्या नजरेत. तू नुसती वाट बघत होतीस, नेहमीसारखी. आणि मी ओठ वाकडे करून, हात हलवून, जमत नाही असं दाखवलं. दुखण्याचं सोंग केलं. ज्या दुखण्यातून तू मला बाहेर काढलंस, त्याच्याच मागे लपलो.

का, ते सांगतो. मान हलवून चालणार नाही. मला राहायचं त्याच्या घरात होतं. म्हातारपण त्याच्या आधारावर जाणार होतं. आणि तो माझा मुलगा आहे, त्याचा चेहरा त्या दिवशी इतका उतरला होता की त्याच्या विरुद्ध एक शब्दही काढवेना. ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्ही पुरेशी नाहीत.

कागदावर ‘खेळाचं व्यसन’ असं लिहिलं गेलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. डाव्या हाताची. डाव्या हाताने सही करायला मला तूच शिकवलं होतंस.

उत्तर नको. खेळायलाही बोलावू नकोस.

तोळामासा


६ एप्रिल

टाचणी,

परवा घरी एक फोन आला. दत्तक संस्थेच्या बाई बोलत होत्या. म्हणाल्या, तुमच्या पूर्वीच्या सूनबाईंनी मूल दत्तक घ्यायला अर्ज केलाय. घटस्फोटाच्या कागदात व्यसनाचा उल्लेख आहे, म्हणून त्या घरातल्या माणसाशी बोलावं लागेल. अर्जदारांनी तुमचं नाव दिलंय.

मी विचारलं, कधी दिलं? मला वाटलं, माझं अठरा तारखेचं पत्र वाचून दिलं असशील. बाईंनी कागद चाळले आणि सांगितलं, अर्ज बारा फेब्रुवारीचा आहे.

फोन ठेवला आणि दोन्ही तारखा पुन्हा ताडून बघितल्या. माझं पहिलं पत्र मार्चमधलं. म्हणजे मी एक अक्षरही लिहायच्या आधी, ज्या माणसाने तुझ्या तोंडावर सोंग केलं त्याचंच नाव तू लिहून दिलंस. तुझ्याकडे मैत्रिणी होत्या, कचेरीतले साहेब होते. ते चांगलंच बोलले असते. मला मोजमाप कळतं असं मी समजत होतो. हे कशाने मोजायचं?

आज त्या बाई येऊन गेल्या. चिरंजीवांना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ते आज कामावर गेले नाहीत. आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं.

बाईंनी वही काढली आणि सरळ विचारलं, त्यांना खेळाचं व्यसन होतं का?

मी बोलायला लागलो. झटका, बादली, बावीस मिनिटं, महाग, सगळं सांगितलं. रोजचा तास सांगितला. तो तास ती खेळत नव्हती, मला एकेक वाक्य परत देत होती, असं म्हणालो. मग मुख्य गोष्टीपाशी आलो आणि शब्द गेला. खरोखरच गेला. ‘सही’ हा शब्द. दोनच अक्षरांचा, पण जागेवर नाही. मी तोंड उघडून बसलो. डाव्या हाताने हवेत गिरवून दाखवलं. बाईंना कळलं असावं, पण त्या शब्द पुढे करणार नाहीत असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी डोळे मिटले आणि तू समोर बसली आहेस असं धरलं.

“सही,” मी म्हणालो. “त्या कागदावरची सही माझी आहे, आणि ती खोट्यावर केलेली आहे. मला त्या दिवशी बोलता येत होतं.”

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग आतल्या दाराकडे बघून विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे?

चिरंजीव चौकटीत उभे होते. केव्हापासून ते माहीत नाही. म्हणाले, “बाबा म्हणतात ते खरं आहे. तेही लिहा.”

बाई गेल्यावर आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी चिरंजीवांच्या बोलण्याची वाट बघितली. शब्द सुचवला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी तेच बोलले.

“तुम्ही दोघं हसायचात, बाबा. जिन्यातून ऐकू यायचं. मी आत आलो की बंद व्हायचं. तुम्ही माझ्याशी झटक्याच्या आधीही कधी एवढं बोलला नव्हता.”

मला वाटायचं त्या घरात आपण दोघं होतो आणि एक तिसरा होता, जो तक्रार करतो. तो तिसरा रोज जिन्यात थांबायचा, हे मला आज सत्तरीला कळलं. तुझ्यावर जे झालं ते याने पुसलं जात नाही. तोही तसं म्हणाला नाही. पण तुला हे ठाऊक असावं असं वाटलं.

इतकं सगळं मला दिसलं नाही, टाचणी. किती थोडं दिसतं माणसाला.

तोळामासा


१२ जून

टाचणी,

तुझं पत्र आलं. पहिलंच. चार ओळींचं, त्यातही एक खाडाखोड. संस्थेने होकार दिला. मुलगी चार वर्षांची आहे, घरी येऊन तीन आठवडे झाले. शनिवारी दुपारी या. आणि शेवटची ओळ: ‘घरी सांगून या, चोरून नको.’

सांगितलं. चिरंजीव जेवत होते. घास तसाच धरून त्यांनी विचारलं, बस कितीची? मग म्हणाले, स्थानकापर्यंत मी सोडतो. संध्याकाळी माझा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला दिसला. ती खुर्ची आता परत खिडकीपाशी आहे. चार दिवसांपासून तिच्यावर ते बसतात. खेळ त्यांना अजिबात समजत नाही आणि आवडतही नाही. नुसते बसतात, मी बोलतो. काल तेही थोडं बोलले, कामाच्या ठिकाणच्या एका शीतगृहाबद्दल. मला काही कळलं नाही, पण मी प्रश्न विचारले.

तुला कळलं असेलच, आता जो तो ‘हवाली’ वापरायला लागलाय. फार जबर पान आहे म्हणून पुढच्या महिन्यापासून त्याला दोनाऐवजी तीन ऊर्जा लागणार आहे. ज्याने घरी जायच्या घाईचा विनोद केला होता, तोच आता त्यावर मोठमोठे लेख लिहितो. वहीत मी आकडा लिहिलेला नाही. रेघेपुढची जागा कोरीच ठेवली आहे. काही गोष्टींना आपला आकडा पुरत नाही, एवढं कळायला चौतीस वर्षांची नोकरी आणि एक झटका लागला.

हे पत्र शनिवारच्या आधी पोचेल की नाही, शंका आहे. बहुधा मीच आधी पोचेन. तुझ्या मुलीसाठी काय आणावं हे सुचत नव्हतं, म्हणून काही आणत नाही. तिला काय म्हणायचं ते मात्र ठरवलं आहे. पूर्ण वाक्य आहे, चांगलं लांब आहे, त्यात दोन जोडाक्षरंही आहेत. आठवडाभर आरशासमोर म्हणून बघतोय. चारदा अडलो, काल एकदाही नाही.

ते वाक्य इथे लिहीत नाही. तिथे येऊन बोलणार आहे.

बाबा